शेळीच्या दुधाचं लोशन आणि इसबाचं अंग: बाटली घेण्यापासून रात्रीच्या थरापर्यंत

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचं. दारात चार शेळ्या कायम बांधलेल्या, त्यामुळे शेळीचं दूध मला नवीन नाही. सासर विट्याचं. मुलगी दीड वर्षाची असताना तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब उठला, तो पहिल्या थंडीत इतका वाढला की रात्री झोपेत खाजवून खाजवून सकाळी अंथरुणावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. माहेरी गेले तेव्हा आईने वाटीत नुकतं काढलेलं दूध आणलं, त्यात कापसाचा बोळा बुडवला आणि म्हणाली, "लाव गं पोरीला. शेळीचं दूध थंड असतंय. तुमास्नी समद्यास्नी हेच लावलंय मी." बोळा कोपराला टेकला आणि पोर किंचाळली. कातडीला चिरा पडलेल्या होत्या, त्यात ते झोंबलं.

आईची माया खरी होती, पण वाटीतलं कच्चं दूध आणि बाटलीतलं लोशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. आता मुलगी आठ वर्षांची आहे. या वर्षांत जे शिकले, ते क्रमाने सांगते. घरात लहान मूल असेल किंवा स्वतःचेच हात फुटत असतील, तर यातलं बरंचसं आजपासून करता येईल.

कच्चं दूध लावायचं नाही

हे सगळ्यात आधी, कारण आपल्या भागात माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे शेळी घरोघरी आहे आणि दूध हाताशी असतं. कच्च्या दुधात ब्रुसेला नावाचे जंतू असू शकतात. शेळी दिसायला धडधाकट असली, तरी तिच्या दुधातून ते येतात. माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना येणारा लांबलेला ताप शेळीच्या दुधातून पसरतो, हे १९०५ साली लक्षात आलं. त्या तापाला माल्टा ताप असंही म्हणतात. हे जंतू दूध प्यायल्याने जातात तसे फुटलेल्या कातडीतूनही शरीरात शिरू शकतात. इसबाची कातडी तर जागोजागी उघडीच असते.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. दुधातली प्रथिने पोटातून गेली तर शरीर सहसा ती ओळखून घेतं, पण तीच फुटक्या कातडीतून वारंवार आत गेली, तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. ज्या मुलाला गायीच्या दुधाची ॲलर्जी आहे, त्याला शेळीचं दूध चालेल असं बरेच जण धरून चालतात. दोन्हींची प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की अशा बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. तेव्हा घरात दुधाची ॲलर्जी असलेलं मूल असेल, तर शेळीच्या दुधाचं लोशनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्याला दूध नसलेलं साधं मलम उत्तम.

हा इसबच आहे ना?

इसब, नायटा आणि खरूज यांची गल्लत रोज होते. नायटा गोल पसरतो. कडेला उठावदार, लालसर, मध्ये थोडा स्वच्छ. खरूज रात्री जास्त खाजते, बोटांच्या बेचक्यांत असते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच होते. इसब लहान मुलांत गालांवर, मोठ्या मुलांत कोपर-गुडघ्यांच्या लवणीत, कोरड्या कातडीवर येतो आणि बरा होऊन पुन्हा उठतो. घरात कुणाला दमा किंवा सतत शिंकांचा त्रास असेल, तर शक्यता आणखी वाढते.

सुरुवातीला मी एका औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. चार दिवसांत कातडी एकदम गुळगुळीत झाली, मला हायसं वाटलं. ट्यूब संपली आणि आठवड्यात दुप्पट जोराने उठलं. मॅडमनी ट्यूब हातात घेऊन मागची अक्षरं वाचून दाखवली: जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र. २०१८ साली सरकारने लावायची अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मिळतात. नायट्यावर असं मलम लावलं तर तो दबतो, रूप बदलतो आणि मग हटता हटत नाही. योग्य ताकदीचं स्टिरॉइड, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं, हे इसबाचं चांगलं औषध आहे. त्याला घाबरू नका. मनाने आणू मात्र नका.

लोशन नेमकं काय करतं

जुन्या घरातली कुडाची भिंत आठवा. काटक्या उभ्या, त्यांच्यावर शेणामातीचं लिंपण. आपल्या कातडीचा वरचा थर असाच असतो: पेशी म्हणजे काटक्या आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे लिंपण. इसबाच्या कातडीचं लिंपण कमी पडतं. आतलं पाणी उडून जातं, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येतात, आणि त्याचीच खाज सुटते. काही लोकांत ही भिंत मजबूत ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं; त्याचा इसबाशी असलेला संबंध २००६ साली पुढे आला. म्हणजे आईने गरोदरपणात काय खाल्लं, याचा दोष आईला द्यायचं कारण नाही. हे मला माझ्या घरात चारचौघांत सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहिते.

लोशनचं काम हे रोजचं लिंपण. शेळीच्या दुधात चरबी असते. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही त्यातल्या आम्लांची नावंच लॅटिनमधल्या शेळीच्या शब्दावरून पडली आहेत. दुधाला जो विशिष्ट वास येतो, तो यांचाच. चरबीमुळे कातडी मऊ वाटते, हे खरं. पण शेळीच्या दुधानेच इसब बरा होतो, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. चांगल्या लोशनमध्ये खरं ओझं वाहतात ती ग्लिसरीन, सेरामाइड, शिया बटर, पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली) यांसारखी द्रव्यं. दूध त्यांच्या सोबतीला. मग शेळीच्या दुधाचं का घ्यायचं? माझ्या मुलीला त्याचा पोत आवडतो, चिकट होत नाही, म्हणून ती हात पुढे करते. रोज दोनदा लावायच्या गोष्टीत मूल स्वतःहून हात पुढे करतं, याला मोल आहे.

शेळीच्या दुधाचा साबण ही मात्र वेगळी वस्तू. साबण बनतानाच चरबीचं रूप पालटतं आणि उरतो तो साबणच, अल्कधर्मी. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते. नाव दुधाचं असलं म्हणून इसबाच्या अंगाला तो मऊ पडेल असं नाही.

बाटली मागून वाचा

पुढचं चित्र बघायचं नाही, बाटली उलटी करायची. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. पाण्यानंतरच्या चार-पाच नावांत ग्लिसरीन किंवा वर सांगितलेली चरबी हवी. शेळीचं दूध 'गोट मिल्क' किंवा 'केप्री लॅक' म्हणून लिहिलेलं असतं. ते सुगंधाच्याही खाली, अगदी शेवटी असेल, तर दूध नावापुरतं आहे आणि तुम्ही नावाचे पैसे देताय.

नको ते काय? फ्रॅग्रन्स, परफ्यूम, पार्फम. लॅव्हेंडर, टी ट्री, लिंबाचं तेल. 'नैसर्गिक' असलं तरी सुगंध तो सुगंधच, इसबाच्या कातडीला चावतो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक (लोशन खराब होऊ नये म्हणून घालतात ते द्रव्य) ॲलर्जी करण्यात इतकं बदनाम आहे की अमेरिकेतल्या संपर्क-ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ साली त्याला वर्षातला प्रमुख ॲलर्जीकारक ठरवलं होतं. ते दिसलं तर बाटली परत ठेवा. पण 'परिरक्षक अजिबात नाही' असंही लोशन नको. लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी, त्यात दूध. परिरक्षक नसेल तर जंतूंची पैदास नक्की. घरी बनवून, डब्यात भरून विकलेलं लोशन कितीही प्रेमाने केलेलं असलं, तरी याच कारणासाठी मी मुलीला लावत नाही. बाटलीवर उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत बघा. उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ आकडा. उघडल्यावर तितके महिने.

पंपाची बाटली घ्या. रुंद तोंडाच्या डबीत रोज बोटं जातात आणि त्यांच्याबरोबर जंतू. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली खोली तापते, म्हणून बाटली खिडकीत न ठेवता माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवते.

सात दिवसांची परीक्षा

नवीन बाटली आणली आणि अंगभर लावली, असं करू नका. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, जिथे इसब नाही अशा रुपयाएवढ्या जागेवर थोडं लोशन सकाळ-संध्याकाळ लावा. सात दिवस, तीच जागा. काही मिनिटांतच गांधी उठल्या, ओठ सुजले, खोकला लागला तर ही तातडीची ॲलर्जी आहे. लगेच धुवून टाका, आणि श्वासाला त्रास असेल तर थेट १०८ ला फोन करा. चौथ्या-पाचव्या दिवशी जागा लाल, खरखरीत, खाजरी झाली तर ही सावकाश येणारी ॲलर्जी. एका दिवसाची परीक्षा हिला पकडू शकत नाही. माझ्या मुलीला पहिल्या बाटलीने पाचव्या दिवशीच लाल चट्टा दिला. त्यात सुगंध होता. ती बाटली मी घरात कुणाला दिली नाही.

आंघोळ, आणि तिच्यानंतरची तीन मिनिटं

सगळी गोम इथे आहे. लोशन कोणतं, यापेक्षा ते कधी लावता, याने आमच्या घरात जास्त फरक पडला.

पाणी कोमट. थंडीत बंबाचं कडक पाणी अंगावर घेतलं की क्षणभर खाज थांबते आणि बरं वाटतं, पण ते पाणी उरलीसुरली चरबी धुवून नेतं आणि तासाभरात दुप्पट खाज सुटते. मी बादलीत मनगटाची आतली बाजू बुडवून बघते. ना गार ना गरम लागलं की पुरे. आंघोळ पाच ते दहा मिनिटं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण जास्त घासतो आणि साबणाचा थर कातडीवर राहतो. त्यामुळे साबण रोज सर्वांगाला लावायचाच नाही. काखा, जांघा, पाय आणि मळलेले हात एवढ्यालाच, तोही साबणरहित, बिनवासाचा क्लीन्झर. घासणी, दगड, डाळीचं पीठ, लिंबू, हळद हे सगळं इसबाच्या जागेपासून लांब. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सासूबाई उटणं घेऊन उभ्या असतात. आम्ही तिच्या तळहाताला बोटभर लावतो, तेवढ्यात सण होतो.

आता टॉवेल. घासायचा नाही, टिपायचा. अंगावर किंचित ओल राहू द्या. आणि तिथूनच तीन मिनिटांत लोशन. ओलसर कातडीवर लोशन बसलं की ते पाणी आत कोंडलं जातं. कोरडी झाल्यावर लावलं तर कोंडायला पाणीच उरत नाही. मी बाटली न्हाणीघराच्या दाराबाहेर खुंटीजवळच्या फळीवर ठेवते. पूर्वी ती कपाटात असायची, आणि कपाटापर्यंत जाईतो फोन वाजायचा, दूध उतू जायचं, तीन मिनिटांची वीस मिनिटं व्हायची.

लावताना केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. चोळून जिरवायचं नाही. पातळ चमक राहील असं पसरायचं आणि दोन मिनिटं बसू द्यायचं. फरशीवर सांडलेलं लगेच पुसा, पाय सटकतो.

किती लावायचं, याचा हिशोब

मॅडमनी माझ्या तर्जनीवर ट्यूबमधून रेघ ओढून दाखवली: टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. ही साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप खरं तर औषधाच्या मलमाचं आहे, पण लोशनचा अंदाज यायला उपयोगी. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला चेहरा-मान मिळून दोन रेघा, प्रत्येक हाताला अडीच, प्रत्येक पायाला साडेचार, छाती-पोटाला साडेतीन, पाठ-कुल्ल्यांना पाच. बेरीज साडेचोवीस, म्हणजे एका वेळेला बारा ग्रॅम. दिवसातून दोनदा धरलं तर आठवड्याला १७० ग्रॅमच्या आसपास, तेही पातळ हाताने. अंगभर इसब असलेल्या मुलाला डॉक्टर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅमपर्यंतही सांगतात.

म्हणजे २०० मिलीची बाटली आठवडाभर पुरली पाहिजे. तिला मानवलेली पहिली बाटली मी अडीच महिने पुरवली होती! मी काटकसर समजत होते, आणि लेकीच्या अंगाला मात्र ते पुरत नव्हतं.

शेळीच्या दुधाचं लोशन एवढं आणणं सगळ्यांना परवडत नाही. मग वाटणी करा. लोशन दिवसा, हात-मान-छातीला, जिथे चिकटपणा नको. रात्री कोपर, गुडघे, घोटे यांच्यावर साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली, ती स्वस्त आणि लोशनपेक्षा जास्त पाणी कोंडणारी. लोशन पातळ असतं, त्यामुळे खूप कोरड्या, जाड, भेगाळलेल्या जागेवर ते एकटं पुरत नाही. तिथे क्रीम किंवा मलमच हवं. शुद्ध खोबरेल बऱ्याच मुलांना चालतं, तेही आधी सात दिवसांची परीक्षा घेऊनच.

स्टिरॉइड सुरू असेल तेव्हा

दोन्ही एकावर एक लावू नका. लोशन लावून वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, मग औषध फक्त लाल जागेवर. आधी औषध लावलं तरी चालतं, मधलं अंतर तेवढंच ठेवा. औषधाचे दिवस संपले की औषध थांबतं, लोशन थांबत नाही. कातडी स्वच्छ दिसायला लागली की आपण लोशन सोडतो, तिथेच पुढचा भडका तयार होतो.

आपल्या भागातली थंडी, ऊस, घोंगडी

कार्तिक संपता संपता हवा कोरडी होते, तेव्हा दिवसातून दोनदाचं तीनदा करा. शाळेतून आल्यावर हात-तोंड धुतलं की एक हात. लोकरीची घोंगडी अंगाला टोचते, इसबाला तर काट्यासारखी. आत जुन्या सुती साडीची गोधडी आणि वर घोंगडी, म्हणजे ऊबही मिळते. शेकोटीजवळ मात्र जपा: मलम आणि लोशन कपड्यांत, पांघरुणात मुरतं, आणि असा कपडा पेटला तर झपाट्याने पेट घेतो, धुऊनही ते पूर्ण निघत नाही. चुलीपुढे बसताना मुलाच्या अंगावर लोशन मुरलेले कपडे नकोत.

ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची कुसळं, तासगावकडे द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी, सांगलीच्या हळदीच्या पेठेत धूळ. ज्यांचे हात यात जातात, त्यांनी कामाला जाण्याआधी लोशनचा थर, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि घरी आल्यावर आधी साध्या पाण्याने धुऊन पुन्हा लोशन. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घाला. नुसत्या रबरात घाम साचून हात आणखी बिघडतात. उन्हाळ्यात घामोळं येत असेल तर जेली बाजूला ठेवून पातळ लोशनवर राहा.

नखं दर रविवारी. कपडे दोनदा खळबळून, साबणाचा वास राहू न देता.

कधी डॉक्टरकडे

वहीत रोज दोन गोष्टी लिहा: खाज दहापैकी किती, आणि रात्री किती वेळा जाग आली. चार आठवडे नेमाने करूनही आकडे खाली येत नसतील, तर बाटली बदलत बसू नका, डॉक्टरांना वही दाखवा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात रात्री पाच-सहा वेळा जाग होती, चौथ्या आठवड्यात एक. बोलण्यापेक्षा त्या वहीचा मॅडमना जास्त उपयोग झाला.

मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, गरम आणि दुखणारी कातडी म्हणजे जंतुसंसर्ग. त्याच दिवशी दाखवा. आणि एकसारख्या आकाराच्या, टोचून काढल्यासारख्या बारीक खोल फोडांचा पुंजका, सोबत ताप आणि दुखरेपण असेल, तर हा ओठांवर जर, म्हणजे पाणीदार पुटकुळ्या, उठवणाऱ्या विषाणूचा इसबावर झालेला हल्ला असू शकतो. डोळ्याजवळ असेल तर नजरेला धोका. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. घरात कुणाच्या ओठावर अशा पुटकुळ्या उठलेल्या असतील, तर त्याने तेवढे दिवस इसबाच्या बाळाचे मुके घेऊ नयेत. हे पाहुण्यांना सांगताना संकोच वाटतो, तरी सांगा.

माहेरी जाताना आता मी छोट्या पंपाच्या बाटलीत लोशन भरून नेत नाही, मूळ बाटलीच नेते, कारण ओतताना जंतू शिरतात. आई अजून शेळीची धार काढते, नातीसाठी दूध उकळून, गार करून पेल्यात देते. लोशनही तीच लावते, आंघोळ झाल्या झाल्या, पदराने हात पुसून, वरून खाली.